एका आडनावामागची आठ हजार माणसं

बाळापुरे हे आडनाव खुद्द बाळापुरात जन्माला येणं अवघड. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरच्या वऱ्हाडातल्या या किल्ल्याच्या गावात सगळेच बाळापूरचे. तिथं कोण कुणाला गावावरून ओळखणार? माणूस वेस ओलांडून दुसरीकडे बिऱ्हाड करतो, तेव्हा नव्या गावाला तो ‘बाळापूरचा’ वाटतो. मग कुणी बाळापुरे होतो, कुणी बाळापूरकर. त्यातही बाळापूर एकच नाही. हिंगोलीत आखाडा बाळापूर आहे, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे तळोधी बाळापूर. म्हणून दोन बाळापुरे भेटले तर नातं निघेलच असं नाही.

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात 43 हजारांहून जास्त गावं मोजली गेली. प्रत्येक गाव म्हणजे एका आडनावाची शक्यता. इटलीत तर सहा कोटींहून कमी लोकांत तीन लाखांवर आडनावं आहेत. तिथंही मिलानो, जेनोव्हेझे अशी गावांवरून आलेली पुष्कळ. उलट चीनमध्ये एकट्या ‘वांग’ आडनावाची माणसं सुमारे 10 कोटी, म्हणजे जवळजवळ अख्खा महाराष्ट्र! दक्षिण कोरियात दर पाच माणसांमागे एक किम.

पण खरी थक्क करणारी मोजणी आपल्याच घरात आहे. 1720 साली मुघल सरदार निझाम-उल-मुल्क आणि आलम अली खान बाळापूरजवळ लढले. तेव्हापासून आजवर, 25 वर्षांची एक पिढी धरली, तर 12 पिढ्या होतात. आईवडील 2, आजीआजोबा 4, पुढे 8, 16... बाराव्या पायरीवर 4,096. सगळे मिळून 8,190 पूर्वज. नात्यातल्या लग्नांमुळे काही माणसं दोनदा मोजली जातात, तरी आकडा प्रचंडच. आणि आडनाव वडिलांकडून आलं असेल, तर ते या साऱ्यांतल्या फक्त 12 पुरुषांच्या वाटेनं आलेलं असतं.

ती वाटही किती अरुंद! इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टननं 1873 मध्ये आडनावं नष्ट कशी होतात हा प्रश्न गणितज्ञांपुढे ठेवला. हेन्री वॉटसननं त्यावर काम केलं. त्यांच्या पद्धतीनं हिशेब करून पाहा. प्रत्येक पुरुषामागे सरासरी एकच मुलगा मोठा होतो आणि कुणाला किती मुलगे हे निव्वळ योगायोगानं ठरतं असं धरलं, तर 12 पिढ्यांत शंभरपैकी सुमारे 86 पुरुषांची आडनावं बुजतात. लेकी असतात, नातवंडं असतात, वंश चालू असतो. फक्त नाव थांबतं. 1899-1900च्या दुष्काळानं वऱ्हाडात जी घरं रिकामी केली, ती तर या हिशेबात धरलेलीच नाहीत.

म्हणून मला वंशावळीचे कागद अपुरे वाटतात. त्यांत बहुधा मुलगे तेवढे असतात. पणजोबा-पणजींच्या पायरीवर आपली आठ माणसं आहेत. त्यातल्या चार बायकांची माहेरची आडनावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून ठाऊक असतील, तर ती याच दिवाळीत विचारून वहीत लिहून घ्यावीत.