जुन्या एंजिनाचे सुटे भाग

जुन्या मोटारीचे एंजिन नव्याने बांधणे म्हणजे झिजलेला भाग काढून त्याच नावाचा दुसरा बसविणे, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो किती महागात पडतो, हे फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ या गाडीच्या उदाहरणावरून चांगले कळते. १९२७च्या अखेरीस ही गाडी बाजारात आली आणि पुढच्या चारएक वर्षांत तिच्या ४० लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. फोर्डने १९२६ साली हिंदुस्थानात शाखा उघडलेली असल्याने इकडच्या रस्त्यांवरही ती धावली.

१९३२ साली तिच्यामागून ‘मॉडेल बी’ आली. दोन्ही एंजिने चार सिलिंडरांची. सिलिंडरांचा व्यास आणि पिस्टनची धाव दोहोंत सारखीच. भंगाराच्या ढिगात ही भावंडे शेजारी पडली, तर भलाभला मिस्त्रीही क्षणभर चकावा. पण ‘ए’च्या क्रँकशाफ्टचा मुख्य बेअरिंगात फिरणारा भाग १ ५/८ इंच व्यासाचा, तर ‘बी’चा २ इंचांचा. कंपनीच्या यादीत दोघांचा मूळ क्रमांक ६३०३ हाच आहे. भेद आहे तो आरंभीच्या अक्षरात. ते अक्षर न पाहता मागविलेला भाग जागेवर बसतच नाही.

एंजिनाच्या डाव्या अंगास कोरलेला क्रमांक पाहावा, हे खरे. परंतु तो केवळ ठोकळ्याची साक्ष देतो, आतील भागांची नव्हे. एवढ्या वर्षांत एंजिन किती हातांतून गेले, हे त्या आकड्याला काय ठाऊक!

म्हणून मोजमाप अटळ ठरते. सिलिंडर झिजले की ते खरवडून मोठे करीत आणि त्यांत तितकेच मोठे पिस्टन घालीत. पिस्टनच्या माथ्यावरील काजळी पुसली, तर पुष्कळदा ‘०३०’ किंवा ‘०६०’ असा आकडा दिसतो. मूळ मापापेक्षा तो इंचाच्या इतक्या हजारांशांनी मोठा आहे, असा त्याचा अर्थ. अशा सिलिंडरात यादीतला मूळ मापाचा पिस्टन घातला, तर तो खडखडेल आणि एंजिन तेल पिऊ लागेल. क्रँकशाफ्टचे नेमके उलट: तो घासून बारीक केलेला असतो. सिलिंडर मात्र एकाच जागी मोजून भागत नाही. झीज वरच्या टोकाशी अधिक असते.

बेअरिंगांची गोष्ट आणखी निराळी. मॉडेल ए ची मुख्य बेअरिंगे दुकानात तयार मिळण्याजोगी नव्हेतच. व्हाइट मेटल नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून ठोकळ्यातच ओतावा लागतो आणि त्याच एंजिनातल्या क्रँकशाफ्टच्या मापाने तो कोरावा लागतो. टोप्यांखाली पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. त्या कमीअधिक करून फट जुळवायची. फट कमी राहिली तर तेल शिरत नाही आणि धातू वितळतो. जास्त राहिली तर एंजिन ठोकू लागते. पट्टी काढावी, टोपी आवळावी आणि क्रँकशाफ्ट हाताने फिरवून पाहावा. तो अडला की पट्टी पुन्हा घालावी.