हातातली किल्ली सुटते तेव्हा

झोप लागता लागता पायरी चुकल्यासारखा दचका कधी बसलाय तुम्हाला? किंवा डोळे मिटले, समोरची भिंत मऊ झाली, मांजर बोलायला लागलं आणि त्यात काही वावगं आहे असं वाटलंच नाही? धड जाग नाही, धड झोप नाही, अशा त्या वेळेवर स्पेनमधला एक चित्रकार टपून बसायचा!

त्याचं नाव साल्वादोर दाली. जन्म १९०४ सालचा, गाव फिगेरेस. आपली युक्ती त्याने १९४८ साली एका पुस्तकात लिहून ठेवली. जेवण झालं की हातांच्या खुर्चीत बसायचं, मान मागे टेकवायची. डाव्या हाताच्या चिमटीत जड किल्ली धरायची. तिच्या बरोब्बर खाली जमिनीवर एक थाळी उपडी घालायची. डोळा लागला रे लागला, की बोटं सैल पडणार, किल्ली थाळीवर आपटणार, खण्ण! दाली जागा. झोप झाली तेवढी पुरे. आता ताजंतवानं होऊन कामाला लागायचं.

पण किल्ली का सुटते? कारण झोप टप्प्याटप्प्याने येते. पहिल्या टप्प्यात आपण जेमतेम काही मिनिटं असतो. मेंदूतल्या विद्युत लहरी संथ व्हायला लागतात, स्नायू ढिले पडतात, बाहेरचे आवाज लांब जातात. डोळ्यांपुढे मात्र चित्रांची गर्दी चालूच असते. पुढे गाढ झोप लागली, की यातलं बहुतेक सगळं पुसलं जातं.

ही युक्ती खरंच उपयोगाची आहे का? पॅरिसमधल्या शास्त्रज्ञांनी ते तपासून पाहिलं, आणि त्यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी १०३ जणांना आकड्यांची कोडी घातली. कोड्यांत एक छुपा नियम होता. तो सापडला, की उत्तर चुटकीसरशी मिळायचं. मध्ये २० मिनिटांची विश्रांती होती, तीसुद्धा हातात एक वस्तू धरून. जे जागेच राहिले, त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्क्यांना नियम सापडला. जे पहिल्या टप्प्यात निदान १५ सेकंद जाऊन आले, त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांना! आणि जे त्याहून खोल झोपेत शिरले, त्यांच्यातल्या फक्त १४ टक्क्यांना. मला यातली एक गोष्ट फार आवडते. उत्तर झोपेतून आयतं आलं नव्हतं. उठल्यावर पुन्हा कोडी सोडवत बसल्यावरच ते सापडलं.

स्वप्नांच्या नादी लागलेला दाली काही एकटा नव्हता. १९२०च्या सुमारास माद्रिदमध्ये विद्यार्थ्यांचं एक नामांकित वसतिगृह होतं. तिथे त्याला दोन जिवलग मित्र भेटले, कवी फेदेरिको गार्सिया लोर्का आणि पुढे सिनेमे काढणारा लुईस बुन्युएल. १९२४ साली पॅरिसमध्ये लेखक आंद्रे ब्रेताँने जाहीर करून टाकलं, की स्वप्नंही जागेपणाइतकीच मोलाची आहेत. हाच तो अतिवास्तववाद. मग काय, बुन्युएलने आपलं एक स्वप्न दालीला सांगितलं, दालीने आपलं त्याला. चंद्रावरून सरकणारा ढग एकाचा, मुंग्यांनी भरलेला हात दुसऱ्याचा. त्यांतून १९२९ साली एक छोटा सिनेमा तयार झाला. (तो मोठ्यांसाठी आहे बरं का!)

दालीची वितळलेली घड्याळं तुम्ही पाहिली असतील. १९३१ सालचं ते चित्र केवळ २४ सेंटिमीटर उंच आणि ३३ सेंटिमीटर रुंद आहे. त्यातले मागचे कडे खरे आहेत. ते दालीच्या घराजवळच्या समुद्रकाठचे. तिथले खडक वाऱ्याने आणि खाऱ्या तुषारांनी असे कोरलेत, की कुणाला त्यांत प्राणी दिसतो, कुणाला चेहरा. घड्याळं मऊ करायची कल्पना कुठून आली? मऊ पडलेलं चीज पाहून, असं तो स्वतःच सांगायचा.

मला या सगळ्यांत जवळची वाटते ती चित्रकार रेमेदियोस वारो. तिचे वडील पाण्याच्या कामांचे इंजिनिअर होते. लहानपणी त्यांनीच तिला यंत्रांचे आराखडे काढायला शिकवलं. पुढे युद्धामुळे तिला युरोप सोडावा लागला आणि १९४१ साली ती मेक्सिकोला पोचली. तिच्या १९५७ सालच्या एका चित्रात घुबडासारखी बाई टेबलाशी बसून पक्षी रंगवतेय. गळ्यातल्या व्हायोलिनच्या तारेला ब्रश जोडलाय. एका हातात त्रिकोणी भिंग धरून ती ताऱ्याचा प्रकाश कागदावर पाडतेय, आणि रंगवलेले पक्षी चक्क उडून चाललेत! वडिलांचे आराखडे आणि लेकीची स्वप्नं अशी एका कागदावर आली.

दालीच्या १९३७ सालच्या एका चित्रात तळ्यावर हंस बसलेत, पण पाण्यात त्यांची प्रतिबिंबं दिसतात हत्तींची! हंसाची मान झाली सोंड, पंख झाले कान. नजर वर नेली की हंस, खाली आणली की हत्ती. रेषा त्याच, अर्थ लावतो आपला मेंदू. हीच गंमत पुढे आपल्या एअर इंडियाकडे आली. १९६७ साली मुंबईच्या या विमान कंपनीसाठी दालीने एक राखदाणी घडवून दिली. ती उलटी केली, की हंसाचा हत्ती आणि हत्तीचा हंस व्हायचा. मोबदला म्हणून त्याने काय मागितलं असेल? हत्तीचं पिल्लू! आणि एअर इंडियाने ते बंगळुरूहून खरोखर स्पेनला पोचतं केलं.