गाळलेला अननस : पिना कोलाडाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमचे न्हावरे हे पर्जन्यछायेच्या पट्ट्यातले गाव. येथे वैशाखाच्या दुपारी माठातले पाणीसुद्धा तोंडाला कोमट लागते, आणि अशाच एका दुपारी, गोव्याची सहल करून परतलेल्या माझ्या पुतण्याने तिकडे चाखलेले एक थंडगार पेय आमच्या स्वयंपाकघरात सिद्ध करण्याचा संकल्प सोडला. दोन शहाळ्यांचे पाणी, डबाबंद अननसाचा रस, ट्रेभर बर्फ आणि बऱ्यापैकी रम एवढे जिन्नस त्याने मिक्सरमध्ये फिरवले, आणि पेल्यात जे उतरले ते पातळ, आंबूस आणि तळाशी बर्फाचे खडे असलेले असे काही होते की ते चाखून पाहिल्यावर तो स्वतःच म्हणाला, “काका, ह्यात नारळ कुठं लागतोय?” त्याच्या ह्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता माझ्या ध्यानात आले की, पिना कोलाडा ह्या नावाने सर्वत्र परिचित झालेल्या ह्या पेयाविषयी आपल्याकडे जे समज रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ नारळ आणि अननस ह्या दोन फळांचा स्वभाव नीट ठाऊक नसण्यात आहे.

पहिला आणि सर्वांत दूरगामी गैरसमज हा की, नारळाचे पाणी म्हणजेच नारळाचे दूध. पाण्यात स्निग्धांश जवळजवळ नसतोच. उलट पक्व नारळाच्या ओल्या खोबऱ्यात वजनाच्या सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो, आणि ह्या पेयाला जो दाटपणा, जी मखमल आणि जो रेंगाळणारा गंध येतो तो सर्वस्वी त्या स्निग्धांशाचा असतो. शहाळे कितीही गोड असले तरी त्याने हे काम साधत नाही. कोकणात ज्याला नुसते ‘नारळाचा रस’ म्हणतात, जो सोलकढीत आमसुलाच्या आगळाशी एकजीव होतो आणि मालवणकडे शिरवाळ्यांबरोबर वाटीत वाढला जातो, तोच येथे हवा, आणि त्यातही पहिल्या पिळणीचा. देशावरच्या आपल्या गावांत नारळ मुख्यत्वे देवापुढे फुटतो. यात्रेच्या दिवसांत घरोघरी वाट्यांचा ढीग साचतो आणि त्याची चटणी वा वड्या करण्यापलीकडे आपली कल्पना जात नाही. त्यातलीच एका नारळाची ताजी खोबरी खवावी, मागची तपकिरी पाठ खवणीत येऊ देऊ नये, पाऊण वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये बारीक वाटावी, आणि धुतलेल्या पंचात बांधून पीळ घट्ट करीत न्यावा. प्रथम पांढरे पाणी ठिबकते, मग पीळ वाढला की सायीसारखी जाड धार लागते, आणि ती जाड धार सुरू झाल्यावर अनेकजण हात सैल सोडतात. वस्तुतः कस उतरतो तो तेव्हाच. चोथ्यात पुन्हा पाणी घालून निघणारा दुसरा, पातळ रस भातासाठी किंवा आमटीसाठी ठेवावा. तो येथे घालू नये.

ह्याला लागूनच दुसरा समज येतो की, परदेशी डब्यातील तयार ‘क्रीम ऑफ कोकोनट’ मिळाल्याखेरीज हे पेय होणेच नाही. ह्या समजाला इतिहासाचा थोडा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. हे पेय कॅरिबियन समुद्रातील प्वेर्टो रिको बेटाचे; तेथील सान ह्वान शहरातील कॅरिब हिल्टन हॉटेल सांगते की, आपल्या रामोन मारेरो ह्या मद्यपरिचारकाने ते १९५४ साली प्रथम सिद्ध केले, तर त्याच शहरातील बाराचिना ह्या उपाहारगृहाचा दावा १९६३ सालचा आणि रामोन पोर्तास मिंगोत ह्यांच्या नावाचा आहे. हा वाद मिटलेला नाही. मात्र १९७८ साली त्या बेटाच्या सरकारने ह्या पेयाला अधिकृत पेयाचा दर्जा दिला हे निश्चित. ह्या कथेत माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा माणूस मद्यपरिचारक नव्हे, तर रामोन लोपेझ इरिझारी हा आहे, कारण खोबऱ्याचा घट्ट रस काढण्याचे कष्टप्रद काम यंत्राने करून, त्यात साखर मिसळून तो ‘कोको लोपेझ’ नावाने डब्यात भरण्याची तजवीज त्याने केली, आणि त्यामुळेच हॉटेलांना हे पेय पेल्यामागून पेले देणे शक्य झाले. म्हणजे डबा आला तो श्रम वाचवण्यासाठी. ज्या मुलखात खवणी आणि पंचा घरोघरी आहे तेथे त्याची मातब्बरी ती काय? पेलाभर दाट रसात चार मोठे चमचे साखर घालून ती विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळले की तोच पदार्थ हाती येतो. फक्त उकळी फुटू द्यायची नाही, कारण उकळी आली की रस फुटतो, हे सांगण्यास कोकणातील कोणत्याही गृहिणीला पुस्तक लागत नाही. ज्यांना खवणे शक्य नाही त्यांनी बाजारातील डबा अवश्य घ्यावा, परंतु त्यावरील मजकूर वाचून घ्यावा : ‘कोकोनट मिल्क’ आणि ‘कोकोनट क्रीम’ ह्यांत सहसा साखर नसते, ‘क्रीम ऑफ कोकोनट’मध्ये ती भरपूर असते, आणि एकाच्या जागी दुसरे घातल्याने पेय एक तर फिके पडते वा पाकासारखे गोड होते.

आता अननसाकडे वळू. “फळ आणि दूध म्हणजे विरुद्धाहार” ही सूचना आपल्या घरांत इतकी मुरलेली आहे की, अननस आणि नारळाचे दूध एकत्र होताना पाहून माझ्या वडीलधाऱ्या चुलतीने पेला बाजूस सारला. तिच्या शंकेत अनुभवाचा अंश आहे, पण तो गाईच्या दुधापुरता. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते आणि ते प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या पपईचा तुकडा घातल्यावर मटण लवकर शिजते त्याच जातीचा हा प्रकार आहे. गाईम्हशीच्या दुधात प्रथिने पुष्कळ, म्हणून ताजा अननस घातलेले दूध किंवा आइस्क्रीम काही वेळ राहिले की कडवट होते. ते विष नव्हे, पण बेचव खास होते. नारळाच्या दुधात प्रथिने अल्प असतात आणि ते मुळी प्राण्याचे दूधच नसल्याने नाव सारखे म्हणून नियमही तोच लावणे बरोबर नाही. आता, हॉटेलांप्रमाणे व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा घालण्याची इच्छा असेल तर मात्र एक खबरदारी घ्यावी : फोडी पाचेक मिनिटे उकळून, निववून मग वापराव्यात. उष्णतेने ब्रोमेलेन निष्प्रभ होते, म्हणूनच अननसाचा शिरा दुधात केला तरी कडू होत नाही आणि डबाबंद अननसालाही हा दोष नसतो. थंडीने मात्र ते नष्ट होत नाही. फ्रीझरमध्ये ठेवलेला ताजा अननस वितळला की पूर्ववत आपले काम सुरू करतो.

हिरवा अननस आणून कोठीत ठेवला की आंब्यासारखा पिकून गोड होतो, हाही भ्रमच आहे. आंब्याच्या पोटात पिष्ट साठवलेले असते आणि त्याची पुढे साखर होते. अननसात तशी शिल्लक नसते, तेव्हा तोडणीनंतर त्याचा रंग पालटेल, तो मऊ पडेल, पण गोडी वाढणार नाही. घेताना बुडाशी वास घ्यावा आणि आकाराच्या मानाने वजन पाहावे.

सर्वाधिक फजिती जेथे होते ते प्रकरण बर्फाचे. घट्ट हवे असेल तर बर्फ अधिक घाला, असे सर्रास सांगितले जाते; पण बर्फ म्हणजे पाणीच, आणि आमच्याकडील बेचाळीस अंशांच्या दुपारी ते पाच मिनिटांत पेल्यात परत पाणी होऊन रसाची आणि फळाची चव मोडून टाकते. ह्यावरचा उपाय साधा आहे : बर्फाऐवजी अननसच गोठवावा. पिकलेल्या फळाच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी ताटात एकमेकींना न चिकटतील अशा सुट्या पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या, की सकाळी त्या खडीसारख्या खुळखुळतात, आणि पुढे वितळल्या तरी त्यांतून पाणी न निघता रसच निघतो. रम घातल्याने पेय अधिक थंड आणि घट्ट होते ही समजूत तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. मद्यार्काने गोठणबिंदू खाली जातो. आपल्याकडील रममध्ये मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः ४२.८ टक्के असते आणि उणे १८ अंश सेल्सियसच्या घरगुती फ्रीझरमध्ये ती बाटली कधीच गोठत नाही. साखरेचाही परिणाम त्याच दिशेचा. म्हणजे पुतण्याने रम सढळ हाताने ओतली तेव्हाच त्या पेयाचे घट्ट होणे संपले होते.

ह्याच ठिकाणी एक बारकावा असा की, नारळाचा रस फ्रीजमधून काढून थेट गोठलेल्या फळावर ओतला आणि मिक्सर बराच वेळ चालवला, तर पेयात पांढरे, मेणचट कण दिसू लागतात व लोकांना वाटते की रस नासला. नासलेला नसतो. मार्गशीर्षात आपल्या फडताळातील खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि वेणीफणीपूर्वी ती उन्हात ठेवावी लागते, ते तेल सुमारे २४ अंशांखालीच घट्ट होते, तेच ह्या रसातही आहे. म्हणून साखर विरघळवलेला रस निववून, परंतु बर्फगार न करता, प्रथम भांड्यात एकट्याने फिरवावा, मग फोडी दोन हप्त्यांत घालून थांबून थांबून फिरवावे. थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते, हेही लक्षात असू द्यावे. चाखताना किंचित जास्त गोड वाटणारा रस पेल्यात बेताचा लागतो.

बर्फाने जंतू मरतात, किंवा मद्य असल्यावर कसाही बर्फ चालतो, हा समज मात्र निव्वळ चवीचा प्रश्न नव्हे. तो धोक्याचा आहे. गोठवल्याने पुष्कळसे जंतू केवळ सुप्त होतात, आणि अशा पेयातील सात-आठ टक्के मद्यार्क त्यांचा बंदोबस्त करण्यास अगदी अपुरा असतो. मासळी व माल थंड ठेवण्यासाठी केलेल्या अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा दंडक महाराष्ट्रात २०१८ साली अन्न व औषध प्रशासनाने घातला तो ह्याच कारणास्तव. निळसर लादी दिसली तर ती पेल्यात येता कामा नये.

राहता राहिली रम. ती आपल्याला परकी वाटते, पण तिचा कच्चा माल आमच्या दारात आहे : रम होते मळीपासून, आणि न्हावऱ्याचे नाव तर घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळेच पंचक्रोशीबाहेर गेलेले. एक टन ऊस गाळला की साखर निघून गेल्यावर सुमारे चाळीस किलो मळी उरते, आणि तिच्या आंबवणातून मद्यार्क ऊर्ध्वपातित होतो. नारळाच्या पेयाला नारळाचीच दारू हवी म्हणून गोव्याहून माडाची फेणी आणणारेही मी पाहिले आहेत. तथापि ती फेणी खोबऱ्यापासून होत नसून माडाच्या पोईतून झरणाऱ्या सुरेपासून होते, आणि तिला खोबऱ्याचा गंध नसतो. गाळणीचा उद्योग घरी करून पाहण्याचा विचारही कोणी मनात आणू नये, तो गुन्हाही आहे आणि जिवाशी गाठही. घराच्या चार भिंतींत पिण्यास परवाना लागत नाही ही समजूतही चुकीची : १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये, ज्याचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा झाले आहे, त्यास परवाना लागतो आणि तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो, रमसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. फळाच्या गोडीत व थंडीत मद्याचा कडकपणा जिभेला कळत नाही, म्हणून ते सौम्य झाले असे मानणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की, पेल्यात गेलेली ४५ मिलिलिटर रम रक्तातही तेवढीच जाते, आणि मोटार वाहन कायद्याने चालकास घातलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची आहे.

परंतु रम नसेल तर ह्याला पिना कोलाडा म्हणताच येत नाही, असे जे अधिकारवाणीने सांगतात त्यांनी त्या नावाचाच अर्थ पाहावा. स्पॅनिश भाषेत पिन्या म्हणजे अननस आणि कोलादा म्हणजे गाळलेली. ‘गाळलेला अननस’ एवढाच त्या दोन शब्दांचा आशय, त्यात रमचा उल्लेख नाही आणि नारळाचाही नाही.

दोघांसाठी ३०० ग्रॅम गोठवलेल्या फोडी, अर्धा पेला साखर घातलेला दाट रस, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ एवढे पुरे. मिठाने अननसाची जिभेला टोचणारी चरचर दबते, फोडीला मीठ चोळण्याची आपली जुनी चाल काही निष्कारण नव्हे. पुतण्याने दुसऱ्या खेपेस ह्याच मापाने, पण सर्वांना पुरेल इतके केले, आणि चुलतीनेही पेला रिकामा केला. ज्यांना रम हवी आहे त्यांना माझी विनंती इतकीच की, ती मिक्सरच्या भांड्यात न घालता शेवटी, ज्याच्या त्याच्या पेल्यात, मापाने मोजून घालावी; म्हणजे पेय पातळ होत नाही, किती घेतले ते कळते, आणि एकाच भांड्यातून घरातील मुलांना व वृद्धांनाही वाढता येते.