'रिक्वेस्ट'नंतर 'फॉर' कशाला?

बिबट्याचा वावर वाढला की जुन्नर तालुक्यातून वनखात्याकडे पिंजऱ्यासाठी अर्ज जातात. ते मराठीत असतात आणि तसेच असावेत. पण डिंगोऱ्यातल्या दहावीच्या मुलाला तोच अर्ज सरावासाठी इंग्रजीत लिहायला सांगा. 'वी रिक्वेस्ट फॉर अ केज' असं वाक्य हमखास उतरेल.

पिंजऱ्या'साठी' विनंती, म्हणून 'फॉर' हवाच, हा यातला गैरसमज. 'रिक्वेस्ट' क्रियापद असेल तर मागितलेली वस्तू त्याचं थेट कर्म होते: 'वी रिक्वेस्ट अ केज'. तोच शब्द नाम म्हणून आला की 'फॉर' लागतो: 'अवर रिक्वेस्ट फॉर अ केज'. वस्तू मागताना 'आस्क'लाही 'फॉर' लागतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. भारतात 'रिक्वेस्ट फॉर' सर्रास बोललं जातं, पण प्रमाण इंग्रजीत ती चूकच धरतात.

दुसरी चूक 'आय रिक्वेस्ट टू यू'. मराठीत आपण विनंती 'आपणांस' करतो, त्यातला 'स' मुलं 'टू'मध्ये शोधतात. इंग्रजीत माणूसही थेट कर्म असतो आणि 'टू' येतो तो पुढच्या कृतीआधी: 'आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह'. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी ही चूक टिकून आहे, कारण तिच्यावर लाल रेघ ओढली जाते, पण दोन्ही भाषांची वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी मांडून दाखवली जात नाहीत. तेवढं तरी व्हायलाच हवं.

'रिक्वेस्ट' म्हणजे हात जोडणं, हाही समज खरा नाही. शब्द औपचारिक आहे, लाचार नाही. 'यू आर रिक्वेस्टेड टू पे द बिल' असं कार्यालय लिहितं तेव्हा ती जवळजवळ आज्ञाच असते. नागरिकाने अर्जात 'हंबली' घालण्याची काही गरज नाही. मित्राकडे पेन मागताना मात्र 'रिक्वेस्ट' जड होतो, तिथे 'कॅन आय हॅव युवर पेन?' पुरे.

एका ठिकाणी मात्र मराठी थेट मदतीला येते. 'वी रिक्वेस्ट दॅट अ केज बी प्लेस्ड नियर द शुगरकेन' यात 'इज' नाही, 'बी' आहे. मराठीत 'उसाजवळ पिंजरा लावण्यात येतो' असं आपण अर्जात लिहीत नाही, 'लावण्यात यावा' लिहितो. विनंतीत हा 'यावा' जिथे येईल, तिथे इंग्रजीत 'रिक्वेस्ट दॅट'नंतर क्रियापदाचं मूळ रूप ठेवायचं.