वादळाचा आकडा काय सांगतो?

मागच्या व्याख्यानानंतर एकांनी विचारलं होतं, अमेरिकेतल्या वादळांची ‘कॅटेगरी’ नेमकी कशाची? तर हर्बर्ट सॅफिर हे इमारतींचे इंजिनिअर. त्यांनी १९६९मध्ये प्रश्न असा घेतला, की किती वाऱ्याला घराचं काय काय मोडतं? हवामानतज्ज्ञ रॉबर्ट सिम्प्सन यांनी त्याला समुद्राच्या उधाणाची जोड दिली. श्रेणी पाच. ताशी ११९ किलोमीटरला पहिली. छपरं उचकटतात, फांद्या मोडतात. १७८ला तिसरी, तिथपासून ‘मोठं’ वादळ म्हणायचं. २५२ला पाचवी. तिच्यावर काही नाही. बरीचशी लाकडी घरं तिथे भुईसपाटच होतात.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणवत नाही खरं तर. २००५चं कतरिना आखातात पाचव्या श्रेणीत होतं, किनाऱ्याला लागताना तिसरीत आलं. वारा मंदावला, पण आधीच ढकलत आणलेलं पाणी थोडंच मागे फिरणार? मिसिसिपीच्या किनाऱ्यावर ते काही ठिकाणी पंचवीस फुटांच्या वर चढलं. आकडा उतरला आणि पाणी चढलं! उधाण श्रेणीशी जुळेना, म्हणून २०१०मध्ये ते मोजपट्टीतून काढूनच टाकलं. आता श्रेणी फक्त वाऱ्याची, तीही मिनिटभराच्या सरासरी वेगाची. पाण्याचा इशारा वेगळा ऐकायचा. लोक मात्र अजून ‘पहिलीच तर आहे’ म्हणतात. २०१८चं फ्लॉरेन्स नॉर्थ कॅरोलायनात पहिल्याच श्रेणीत उतरलं, आणि काही गावांत पाऊण मीटरहून जास्त पाऊस पाडून गेलं.