एरोजेलमधील कणरचना आणि प्रकाश

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. पदार्थविज्ञानाच्या प्रांतात त्याने का डोकवावे, असे वाचकांस वाटेल. ‘घटक तेच, रचना निराळी, म्हणून गुण निराळा’ हे विधान आपण वर्गात नेहमी करतो. एरोजेलमध्ये ते मोजून दाखविता येते, एवढेच कारण.

जेल उघड्यावर वाळविला म्हणजे केशाकर्षणाच्या ताणाने त्याचे जाळे आत ओढले जाते व कोसळते. सॅम्युएल किस्लर यांनी १९३१ साली आतील द्रव क्रांतिक बिंदूच्या पलीकडे नेऊन मग काढून घेतला आणि जाळे शाबूत राखले. हाच एरोजेल होय. सिलिकेच्या एरोजेलमध्ये काही नॅनोमीटर व्यासाचे कण माळेसारखे जोडलेले असून बाकी बहुतेक हवाच असते.

काळ्या पार्श्वभूमीवर हा पदार्थ निळसर दिसतो, दिव्यासमोर धरल्यास पिवळसर. सिलिकेला तर स्वतःचा रंग नाही. प्रकीर्णन तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात होत असल्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्याहून चौपटीपेक्षा अधिक विखुरतो. आता महत्त्वाचा मुद्दा. वक्रीभवनांक जवळजवळ घनतेवरच अवलंबून असतो: घन सेंटिमीटरला ०.१ ग्रॅम घनता असल्यास तो सुमारे १.०२ येतो. पारदर्शकतेचे तसे नाही. प्रकीर्णन करणाऱ्या घटकांचे माप तरंगलांबीहून पुष्कळ लहान आहे तोवर, ते दुप्पट होताच तितक्याच द्रव्याचे प्रकीर्णन सुमारे आठपट होते. म्हणजे समान घनतेचे दोन तुकडे, एक स्वच्छ व एक धुरकट, असू शकतात.

कणांना स्वतःचा रंग असला म्हणजे प्रकरण अधिक रंगते. सोन्याचे सुटे नॅनोकण ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. म्हणून त्यांचे द्रावण तांबडे. तेच कण एकमेकांस चिकटून जाळे झाले की इलेक्ट्रॉनांची आंदोलने परस्परांत गुंततात, शोषण दूरवर पसरते आणि एरोजेल काळवंडतो. संधीत वर्ण बदलतो, तो येथे दोन्ही अर्थांनी! कॅडमियम सेलेनाइडचे कण मात्र, समासातील पदांप्रमाणे, आपली ओळख बरीच राखतात. विरळ जाळ्यात त्यांचे स्पर्शबिंदू थोडे असल्याने इलेक्ट्रॉन कणातच कोंडलेला राहतो. तोच जेल साधेपणाने वाळवून दाट केला, तर स्पर्श वाढतात आणि शोषणाची सीमा तांबड्याकडे सरकते. उपमा यापुढे ताणू नये. भाषेतील संधीला नियम असतात, कणांच्या जोडणीत यदृच्छेचा वाटा मोठा.

व्यवहारात हा प्रश्न खिडकीपाशी येऊन अडतो. उष्णतारोधक म्हणून सिलिका एरोजेलची बरोबरी करणारे घन पदार्थ विरळा; परंतु खिडकीतून पलीकडचे धूसर दिसू लागले तर ती कोण बसवील? रंध्रे लहान व एकसारखी ठेवावीत, तर वाळविताना तडे जाण्याचे भय वाढते. मोठी होऊ द्यावीत, तर काच धुरकटते.