एक भिंग, अख्खा वर्ग

जूनमध्ये अंगणवाडीत नव्यानं आलेलं मूल आईचा पदर सोडत नाही. तीन वर्षांच्या जिवाला ‘सगळ्यांत मिसळ’ असं नुसतं सांगून भागत नाही. मिसळायला काही निमित्त लागतं. आमच्या कोकणात ते निमित्त पावसाच्या तोंडावर आपणच ओट्यावर येतं. मुंग्यांची रांग लागते. एक मूल ओणवं होऊन बघू लागलं की दुसरं शेजारी टेकतं, मग तिसरं. रडणारंही पदर धरूनच वाकतं.

मी भिंग एकच ठेवते, मुद्दाम. भिंग एक असलं की थांबावं लागतं. आणि ज्याच्या हातात ते असतं त्याला बाकीचे सोडत नाहीत: “काय दिसतंय? सांग ना!” सांगावंच लागतं. “बाई, हिला डोक्यावर दोन शेंड्या!” त्या शेंड्या म्हणजे मुंगीच्या मिशा. त्यांनी ती हुंगते, चाचपते, समोरून येणारीला ओळखते. मग पाय मोजायचे. मुंगीला सहा, फुलपाखराला सहा, कोळ्याला आठ. म्हणून कोळी कीटकांत बसत नाही.

मुलांना सगळ्यात आवडतं ते रांग मोडणं. ओल्या फडक्यानं मी मधला टप्पा पुसते. मुंग्या तिथवर येऊन अडखळतात, इकडेतिकडे फिरतात. “बाईंनी वाट पुसली!” मुलं ओरडतात, आणि ते खरंच आहे. मुंगी चालताना जमिनीवर गंध सोडत जाते, मागच्या त्या गंधावरून येतात. थोड्या वेळानं वाट पुन्हा जुळते. तोवर कुणी जागचं हलत नाही.

आंब्यावरच्या हुमल्यांचं घरटं मात्र लांबूनच बघायचं, कडकडून चावतात त्या. त्यांची करामत अशी, की एकमेकींची कंबर धरून त्या साखळी करतात आणि दोन पानांच्या कडा जवळ ओढतात. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही, अळीला येतं. म्हणून काही जणी अळीला तोंडात धरून या पानावरून त्या पानावर नेत राहतात आणि पानं चिकटतात. हे सांगून झालं की आम्ही जुनं लुगडं पसरतो, सगळ्यांनी कड धरायची, मध्ये चेंडू. एकानं हात सोडला की चेंडू घरंगळतो. ‘मुंगीसारखे कष्टाळू व्हा’ असं मी कधी म्हणत नाही. त्या वयाला उपदेश नको, लुगड्याची कड हवी.

यात नवं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या पाड्यांवर शाळाच अंगणात, कुरणात नेली. खडे, बिया, शिंपले हेच त्यांचं साहित्य. आज तक्ते रंगीत मिळतात, पण तक्त्यावरची मुंगी चालत नाही.

आईबाबांना एवढीच विनंती. मूल किडा दाखवायला आलं तर ‘शी, टाक ते’ म्हणू नका. केसाळ सुरवंट आणि गांधीलमाशी लांबूनच दाखवा, बाकीच्यांपाशी दोन मिनिटं उकिडवे बसा. शेजारचं मूल डोकावलं तर त्यालाही जागा करून द्या.